ओढलं की थांबायला पाहिजे

२७ जून १९७१, रविवार

फटफटी आली. म्हणजे मी आणली. म्हणजे ओव्हरसियरसाहेबांच्या शिपायाने चालवली आणि मी मागे बसून आणली. पण गाडी माझी.

साहेबांची बदली झाली म्हणून जुनी पण चांगली मोटारसायकल स्वस्तात हाती लागली. साहेब म्हणाले, भिमाजीराव, शिकाऊ माणसाला याहून बरी गाडी मिळायची नाही. इंजिन लहान, पेट्रोल बेताचं खाते, आणि पडली तर एकट्याला उचलता येते. हे शेवटचं त्यांनी दोनदा का सांगितलं ते कळलं नाही.

निघताना ते बरंच काही समजावत होते. उजवी मूठ, डावी मूठ, पायाखालचा ब्रेक, तेलाचं काहीतरी. मी मान डोलावत होतो, पण मनात पंचमीचा प्रोग्राम चालला होता. यात्रेच्या शर्यतीत ज्याची बैलगाडी दरसाल पहिली येते, कोशा आणि हरण्यासारखी जोडी जो एका कासऱ्यावर खेळवतो, त्याला या दोन चाकांचं कौतुक ते काय? बैलाला निदान स्वतःचं मत असतं.

निश्चय: येत्या नागपंचमीला सौ. लंकाला मागे बसवून तिच्या माहेरी, जामखेडकडच्या शेंडेवस्तीला, फटफटीवरून जाणे.

कारण इथे लिहून ठेवतो. दोन वर्षांमागे पंचमीला आम्ही एस.टी.ने गेलो होतो. एस.टी. तेव्हा फाट्यावरच सोडायची. मेव्हणा पुंजाराम मला न्यायला सायकल घेऊन आला आणि मला कॅरिअरवर बसवलं. वस्तीच्या तोंडाशी सायकल गेली उकिरड्यात. मी नव्या धोतरासकट. समोर लिंबाला झोका बांधलेला, सगळ्या बाया झोका सोडून हसायला लागल्या. मी तिथेच उभा राहून शपथ घेतली की, पुन्हा या दारात येईन तर स्वतःच्या मोटारसायकलवर बसून येईन, आणि तोवर लंकाही येणार नाही. शपथ खणखणीत आवाजात घेतली. मर्द माणसाची शपथ आहे.

गेल्या साली पुंजाराम मुराळी म्हणून बहिणीला न्यायला आला होता. परत पाठवला. 

२८ जून

सकाळी पूजा. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. लंकाने गाडीला हळद-कुंकू लावलं आणि मला हळूच विचारलं की ह्याला येसण कुठं असती. बायकांना मशिनरीतलं काय कळतं? मी हसलो.

खळ्यावर प्रॅक्टिसला सुरुवात. किक मारली. पुष्कळ मारल्या. गाव जमलं. गिरणीवाला कानिफनाथ आला, खाली वाकला आणि पेट्रोलचा कॉक उघडला. कॉक मी काटकसर म्हणून मुद्दाम बंद ठेवला होता. त्याला तसं सांगितलं.

मग गाडी सुरू झाली. सुरू झाल्यावर ती बंद करून टाकली. पहिल्या दिवशी इतकं पुरे. पाऊल सुजलं आहे.

३० जून, बुधवार

आज बसलो आणि चाललो. चांगला चाललो. खळ्याला वेढा झाला. मग समोर कडब्याची गंज आली.

मी शांतपणे हो-हो म्हणून दोन्ही मुठी मागे ओढल्या, ओढतात तशा. तर गाडी थांबायची सोडून उधळली. मी आणखी ओढलं, ती आणखी उधळली. गंजीच्या आत अंधार असतो आणि कडबा कानात जातो.

अनुमान: गाडी तापट आहे. नवा खोंड गाडीला जुंपला की असाच करतो. एकदा मालकाचा हात कळला की नीट वागेल.

२ जुलै

पुन्हा तोच प्रकार, या वेळी उकिरडा. उकिरड्यांचं आणि माझं काही तरी जुनं देणं दिसतं.

मी आज फारच जोराने ओढलं होतं. यापुढे सुरुवातीपासूनच घट्ट ओढून धरायचं ठरवलं आहे, म्हणजे तिला वेळच मिळणार नाही.

लंकाने अंगावर पाणी घातलं. पाठ चोळताना तिने विचारलं की अवो, पंचमीला नक्की जायाचं का? तिच्या भावाला मुलगी होऊन वर्ष झालं, अजून तिने तोंड पाहिलं नाही. नक्की, असं मी ठणकावून सांगितलं. तिने मग जास्त जोराने पाठ चोळली.

४ जुलै, रविवार

सुरुवातीपासून घट्ट ओढून धरलं. त्याविषयी आज लिहीत नाही. डाव्या हाताने लिहायला त्रास होतो.

७ जुलै

पेट्रोल संपलं. कर्जतहून डबा आणला. साहेब म्हणाले होते की या गाडीला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. कोणतं तेल ते तेव्हा पंचमीच्या नादात ऐकायचं राहिलं. पण अकलेचा प्रश्न आहे. यंत्र जर माणसाच्या सेवेला, तर माणसाचं तेल त्याला चालायला काय हरकत? लंकाच्या बरणीतलं शेंगदाण्याचं ओतलं. घाण्याचं, शुद्ध.

रिझल्ट उत्तम. गाडी सुरू झाली. फक्त धुराला भज्यांचा वास येतो.

खळ्याला चार वेढे मारले तोवर गावातली निम्मी माणसं ‘कुणाकडं काय हाय’ विचारत आली. शेजारच्या झुंबरबाई वाडगं घेऊनच आल्या. काही नाही असं सांगितल्यावर म्हणाल्या, भिमा, येकट्यानं खाऊ ने, आंगी लागत न्हाई. मागून सगळी कुत्री. कुत्र्यांमुळे स्पीड आपोआप कंट्रोलमध्ये राहिला, हा एक फायदाच.

लंकाचं म्हणणं की तेल पाहुण्यारावळ्यांसाठी ठेवलं होतं. तिला दूरदृष्टी नाही.

९ जुलै

गाडी धापा टाकून बंद पडली. कानिफनाथने काहीतरी खोललं, आत काळी चिकट पेंड साठली होती. ती साफ करून त्याने गिरणीतलं इंजिनाचं तेल दिलं. भज्यांचा वास बंद. गावात थोडी नाराजी आहे.

कानिफनाथने आज माझं चालवणंही बघितलं, बाभळीपर्यंत. बाभळीतून मला काढल्यावर तो म्हणाला, दादा, तुमी मूठ आपल्याकडं वढताय. वढली की पळतीय ती. सोडून द्या, आन् पायाखालचा ब्रेक दाबा, मंजी थांबंल.

हे मला माहीतच होतं. फक्त हाताला माहीत नव्हतं. लहानपणापासून हे हात कासरा ओढत आलेत. ओढलं की थांबतं हे त्यांच्या रक्तात आहे. डोक्याचा यात काही दोष नाही, हे कानिफनाथलाही पटलं असावं, कारण तो काही बोलला नाही.

म्हणजे शिकवायचं आहे ते फक्त हातांना. आता सोपं झालं.

१० जुलै

रात्री झोप नीट नाही, पण विचार पक्का झाला. दिवसभर बैलांचा कासरा ओढायचा आणि संध्याकाळी फटफटीची मूठ सोडायची, यामुळे हात गोंधळतात. एका घरात दोन कायदे चालत नाहीत. म्हणून आजपासून बैलांनाही फटफटीचाच कायदा. थांबवायचं असेल तर कासरा सोडायचा. निघायचं असेल तर ओढायचा.

हे आजवर कुणाला सुचलं नसावं.

१२ जुलै, सोमवार

नवीन पद्धतीचा पहिला प्रयोग. बैलगाडी घेऊन मळ्यात निघालो. झुंबरबाईंच्या बांधाशी थांबायचं होतं. कासरा सोडला.

कोशा आणि हरण्याचा यात्रेतला अनुभव असा की, मी कासरा ढिला सोडतो तेव्हा शर्यत सुरू होते. बिचाऱ्यांनी शर्यत सुरू केली. झुंबरबाईंच्या कोवळ्या बाजरीतून, त्यांच्या परसातून, त्यांच्या वाळवणावरून. पहिला नंबर आला, एवढं सांगता येईल.

झुंबरबाई बांधावर उभ्या राहून ओरडल्या, भिमा, तू बैलं हाकतूस का बैलं तुला हाकत्यात? मी शिक्षण चालू आहे असं सांगितलं. कुनाचं, असं त्यांनी विचारलं.

निश्चय: चिकाटी सोडायची नाही.

१९ जुलै, सोमवार

आनंदाचा दिवस. चिकाटीचं फळ. कासरा सोडला की कोशा आणि हरण्या आता जागच्या जागी उभे राहतात. ओढला की निघतात. जोरात ओढला तर उधळतात. अगदी फटफटीसारखे.

जनावरं किती हुशार! आठवडाभरात शिकली. आता फक्त माझे हात राहिले.

संध्याकाळी गाडीसमोर म्हैस आडवी आली. बैलगाडीसमोर. हात ऐन वेळी जुन्या सवयीवर गेले. आता दोन्ही वाहनं ओढली की पळतात, त्यामुळे परिस्थिती काही बाबतीत पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. म्हैस वाचली. जू मोडलं.

२१ जुलै

पुंजाराम आला. मुराळी. बहिणीसाठी बोरमाळेची डबी आणि माझ्यासाठी टोपी घेऊन. भला माणूस आहे, पण सायकलचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. मनात त्याच्या असणारच.

मी सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही आमच्या वाहनाने येतो. तो म्हणाला, दाजी, कशाला तरास, आता सडक झाली, येष्टी पार वस्तीवर येती. मी विषय बदलला. शपथेला पळवाट काढायची नसते.

तो गेल्यावर आत गेलो तर लंकाने लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं ते सोडत होती. एकेक घडी परत ट्रंकेत. मला बघून म्हणाली की कसर लागती, म्हून ऊन दावते. बाहेर ऊन नव्हतं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, इथे वाचणार कोण.

पण या वर्षी नक्की. ती बोरमाळ अंगावर घालून फटफटीवरूनच जाईल. लोक बघतील.

२५ जुलै, रविवार

फायनल रिहर्सल. मूठ सोडली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. पहिल्यांदाच थांबली! पुन्हा केलं, पुन्हा थांबली. समोर काही नसेल तर मी उत्तम थांबतो.

रस्त्यात काही येऊ नये यासाठी पहाटेच निघावं. लंका मनातल्या मनात काहीतरी ठरवत होती. तिने बैलांना संध्याकाळीच पेंड घातली आणि बैलगाडीत कडबा अंथरला. कशाला विचारलं तर म्हणाली, असंच.

२६ जुलै, सोमवार. शेंडेवस्ती

उकिरड्यापासून दोन हातांवर बसून लिहितो आहे. उकिरडा तोच. पण आज मी बाहेर आहे.

सकाळची हकिकत. आज लंकाचा भावाचा उपास. नवं लुगडं, बोरमाळ. वेशीत गाव जमलं होतं. झुंबरबाई लांब उभ्या होत्या, एका ओट्यावर. लंका मागे बसली, मी किक मारली, निघालो. गाडी इतकी हलकी चालली की माझाच विश्वास बसेना. ओढ्यापर्यंत मी लंकाला रस्त्याने काय काय लागतं, तिथे गेल्यावर गाडी कुठे उभी करायची, झोक्याजवळून कशी न्यायची हे सगळं समजावून सांगत होतो. ती काही उत्तर देत नव्हती. आदराने ऐकते आहे असं वाटलं.

ती वेशीतच उतरली होती. गाडी हलायच्या आधीच, असं कानिफनाथ म्हणतो.

ओढ्याच्या उतारावर मेंढरं आली. मेंढरं म्हणजे एक नसतात. मी मूठ सोडणार होतो. डोक्याने तसा हुकूमही दिला होता. पण हात मागे ओढले गेले आणि तोंडाने हो-हो म्हटलं. मेंढरं दोन्ही बाजूंना झाली. मी वाळूत. पुढचं चाक पापडासारखं वाकलं.

मी वाळूत बसून राहिलो. आजवर कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. धोतराचं काही नाही. पण सलग दुसरी पंचमीही गेली, आणि ती उपाशी. आता तिला तोंड काय दाखवायचं, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं. वाळूही गेली होती.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. लंका बैलगाडी घेऊन आली. स्वतः हाकत! कासरा तिने खुंटीला नुसता अडकवून ठेवला होता, हाताला लावलाही नव्हता. थांबा रं बाबांनो, असं म्हणाली आणि कोशा-हरण्या थांबले. मला कळेना, की यांना मी इतके दिवस शिकवत होतो ते काय.

कानिफनाथ मागोमाग धावत आला होता. तिघांनी मिळून फटफटी बैलगाडीत चढवली, कडब्यावर उभी केली, दोराने आवळली. मी म्हणालो, आता घरी चला. शपथ मोडायची नाही. लंका म्हणाली, मोडा कशाला. बसा की फटफटीवर.

मी विचार केला. शपथेत ‘मोटारसायकलवर बसून’ एवढंच होतं. मोटारसायकल कशावर असावी, याविषयी शपथेत काही नव्हतं.

सबंध रस्ता मी फटफटीवर बसून आलो. हँडल धरून. वळणाला वळवलंसुद्धा. मागून एस.टी. आली आणि हॉर्न देत पुढे गेली. खिडक्यांतून सगळी डोकी बाहेर. एक म्हातारा माझ्याकडे बघून कुठल्याशा देवाला हात जोडत होता. मी नमस्कार स्वीकारला.

दिवस मावळताना वस्तीवर पोचलो. लिंबाला झोका होता, बाया होत्या, सगळ्या होत्या त्याच. झोका थांबला. लंका बैलांना थांब म्हणाली. मी फटफटीवरून उंचावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुंजारामला सांगितलं, की बघा, शपथ पुरी केली.

पुंजाराम म्हणाला, कंची शपथ, दाजी?

मी आठवण करून दिली. इथेच, या जागी, सर्वांदेखत, खणखणीत आवाजात. पुंजारामने सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी बायांकडे. कुणाला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सगळे इतके हसत होते की मी काय बोललो ते कुणी ऐकलंच नव्हतं. पुंजाराम म्हणाला, आमी समजलो, दिंडातलं पुरन तुमाला ग्वाड लागलं न्हाई, म्हून तुमी येत न्हाई. सासूबाईंनी गेल्या साली दिंडं दुप्पट गोड केली होती, आणि वाट बघून वस्तीत वाटून टाकली.

मी फटफटीवरून उतरलो. उतरायला बराच वेळ लागला, गाडी उंच होती.

२७ जुलै, नागपंचमी

लंका सकाळपासून झोक्यावर आहे. मांडीवर भावाची पोर. इथवर हसणं ऐकू येतं. ती अशी हसते हे मी विसरलोच होतो.

दुपारी दिंडं वाढायला आली तेव्हा मी विचारलं, तुला ठाऊक होतं का, की कुणी ऐकलं नाही? व्हय, म्हणाली. मग दोन वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, कुनी न्हाई ऐकलं, पर तुमी तर ऐकलं हुतं न्हवं.

दिंडं तीन खाल्ली. जरा कमी गोड चालली असती, पण बोललो नाही.

२९ जुलै, गुरुवार. घरी

लंका पोळ्यापर्यंत माहेरी राहणार. बैलगाडीही तिथेच. पुंजाराम म्हणाला, मीच समद्यास्नी आनून सोडतो, तुमी बैलाला हात लावू नगा. कोशा आणि हरण्या माझ्याकडे बघतात आणि मग लंकाकडे बघतात. फटफटी सासूबाईंच्या गोठ्यात. हँडलवर कोंबड्या बसतात. त्यांना ती मानवली आहे.

मला एस.टी.त बसवून दिलं. सगळी वस्ती पोचवायला आली. पुंजारामने माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि नीट जा म्हणाला, लहान मुलाला सांगतात तसं. लंका गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होती. घरात भाकरीला हात लावायला कुणी नाही. हा विचार आधी करायला हवा होता.

जागा ड्रायव्हरच्या मागे मिळाली. समोर लोखंडी दांडा. आमच्या ओढ्याच्या उताराला मेंढरं आडवी आली, तीच. मी घाबरून दोन्ही हातांनी दांडा धरला आणि हो-हो म्हणत मागे ओढला.

एस.टी. थांबली. जागच्या जागी.

उरलेल्या रस्त्यात दोनदा करून बघितलं. माझ्या गावच्या थांब्यावर तर अगदी बेताने ओढला, तरी थांबली.

समजूतदार वाहन आहे. चौकशी करावी.